लायमाचं पाकीट, लिमाची फ्लायर

"परदेशातून एक खेळाडू आणायची, यात एवढं अवघड काय आहे?"

हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा माझ्या हातात भाजलेलं कणीस होतं, हनुवटीवर लोणी होतं आणि समोर ऐकायला आमचा शेजारी डुएन स्टकी होता. या तिन्हींपैकी एक जरी नसतं तरी पुढचं सगळं टळलं असतं, असं माझी बायको ग्लेना आजही म्हणते. मी तसं म्हणत नाही. मी काउंटीच्या वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. आमच्या भागातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर जा, त्याच्यावरच्या लेबलवर माझी सही दिसेल. सत्तावीस वर्षं मी फॉर्म भरतोय आणि माझा एकही फॉर्म आजवर परत आलेला नाही. असा माणूस व्हिसाच्या फॉर्मला घाबरणार नाही, हे उघड आहे.

झालं होतं असं. आमची मुलगी केंड्रा आमच्या गावच्या 'लायमा कॉमेट्स' या चिअरलीडिंगच्या संघात आहे. चिअरलीडिंग म्हटलं की लोकांना फुटबॉलच्या मैदानाकडेला रंगीत गोंडे हलवणाऱ्या मुली आठवतात. केंड्रासमोर असं काही बोलू नका. माझा मेहुणा एका थँक्सगिव्हिंगला बोलला होता, त्याला तिने जेवणाच्या टेबलाजवळच दोन्ही हातांवर उचलून दाखवलं. ती संघात 'बेस' आहे, म्हणजे खाली उभी राहून उचलणारी आणि झेलणारी. वर जी उडते ती 'फ्लायर'. आणि कॉमेट्सची फ्लायर नर्सिंगच्या शिक्षणासाठी मे महिन्यात टेनेसीला निघून गेली होती. केंड्राचं संघातलं हे शेवटचं वर्ष. ऑरलँडोच्या मोठ्या स्पर्धेत पहिले दहा संघ अंतिम फेरीत जातात. 'एकदा तरी संघ फायनलला नेतोच,' असं मी चार वर्षं म्हणत होतो, पण कॉमेट्स एकदाही तिथवर पोहोचले नव्हते, आणि आता तर उडायलाच कोणी नव्हतं.

"यादिरा असती तर," असं केंड्रा त्या दुपारी डुएनच्या अंगणात सहज बोलून गेली.

यादिरा टिकोना. पेरू देशातली, लिमा शहरातली, एकवीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ऑरलँडोला सरावाच्या गाद्यांवर दोघींची मैत्री झाली होती. यादिरा हवेत दोन गिरक्या घेऊन अशी खाली येते, की जणू कुणी शर्टाची घडी घालून ठेवतंय. "ती यायला एका पायावर तयार आहे," केंड्रा म्हणाली. "पण तिचा जुना व्हिसा संपलाय. नव्याचं कोण बघणार?"

त्यावर मी वरचं वाक्य बोललो.

"नॉर्म, तिचं लग्न लावून दे माझ्या पुतण्याशी," डुएनने लगेच तोडगा काढला. "गॅरी मोकळाच आहे."

"डुएन, तो गुन्हा आहे," ग्लेना म्हणाली.

"गॅरी इतका वाईट नाहीये गं!"

"लग्न गुन्हा आहे. म्हणजे असलं, कागदोपत्री केलेलं."

"मग मुलं सांभाळायला म्हणून आणा. माझ्या साडूने स्वीडनची एक पोरगी आणली होती तशी."

"कोणाची मुलं?" मी विचारलं. आमच्या घरातलं एकुलतं मूल समोर उभं होतं आणि एका हाताने सरबताचं पिंप हलवत होतं.

डुएन थोडा विचारात पडला. "मोठ्या वयाची मुलंही चालत असतील," तो म्हणाला.

दुसऱ्याच शनिवारी मी आमच्या वाचनालयात गेलो. तिथे अडेअर नावाच्या वकीलबाई महिन्यातून एकदा लोकांना सल्ला देतात. मी टाय बांधून गेलो होतो. बाईंनी सगळं ऐकलं आणि बोटांवर मोजून सांगितलं: ती शिकायला येणार असेल तर विद्यार्थ्याचा व्हिसा, पण त्यासाठी कॉलेज हवं. असामान्य गुणवत्ता असेल तर ओ-१, पण तिथे बक्षिसांची रास लागते. आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या खेळाडूंसाठी पी-१, पण त्यात संघाने अर्ज करायचा, कीर्तीचे पुरावे द्यायचे, त्या क्षेत्रातल्या कामगार संघटनेचं मत जोडायचं. "आणि ती मुलगी जर हौशी असेल, पगार घेणार नसेल, येऊन खेळून परत जाणार असेल, तर साधा पाहुण्यांचा व्हिसासुद्धा पुरेल. मी तुमच्या जागी असते तर तोच मागितला असता."

पाहुण्यांचा व्हिसा! लोक ज्यावर नायगारा बघायला येतात तो! मला ते जरा अपमानास्पद वाटलं. मी सत्तावीस वर्षांचा अनुभव घेऊन आलो होतो आणि बाई मला नळाचा वायसर बदलायला सांगत होत्या.

"पी-१," मी म्हणालो.

"नक्की?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, मी वजनमापे खात्यात आहे."

याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला ते कळलं नाही, कारण त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

जुलैचा सबंध महिना मी फाइल बनवली. विषयवार रंगीत पट्ट्या लावल्या. यादिराची पदकं, पेरूच्या वर्तमानपत्रातली कात्रणं, तिची उंची, वजन (ते मी किलोमधून पौंडात दोनदा पडताळलं). तिने करारावर सही करायची होती. केंड्रा म्हणाली, "डॅड, स्कॅन करून पाठव ना, दोन मिनिटांचं काम आहे." पण सही निळ्या शाईतली, मूळ कागदावरचीच हवी, यावर मी ठाम होतो. पाकीट तयार केलं, तिच्या मावशीच्या दुकानाचा पत्ता सुबक अक्षरात घातला आणि कुरिअरला देऊन आलो.

अकराव्या दिवशी दारात जाडजूड पाकीट! मी अंगणातूनच ओरडलो, "ग्लेना, या पोरीची शिस्त बघ! कामाला लागली की कशी लागते!" पाकीट फोडलं. आत रंगीत पट्ट्या होत्या. अक्षर ओळखीचं वाटलं. ते माझंच होतं.

आता आमच्या गावाला आम्ही 'लायमा' म्हणतो आणि पेरूच्या राजधानीला सगळं जग 'लिमा' म्हणतं, पण इंग्रजीत लिहिताना दोन्ही अक्षराअक्षराने एकच. पत्त्याखाली देशाचं नाव घालायला मी विसरलो होतो. पाकीट अकरा दिवस आमच्याच गावात न सापडणारा रस्ता शोधत फिरलं आणि शेवटी थकून मागच्या बाजूला लिहिलेल्या माझ्याच पत्त्यावर आलं.

"तुझा एकही फॉर्म परत येत नाही ना?" ग्लेनाने विचारलं.

"हा फॉर्म नव्हे, पाकीट आहे," मी म्हणालो. हा फरक महत्त्वाचा आहे.

दुसऱ्यांदा मी पत्त्यात 'पेरू' तीन ठिकाणी लिहिलं. सही आली, अर्ज गेला. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. दर शनिवारी मी सराव बघायला जात असे. कॉमेट्सच्या प्रशिक्षक रोशेलबाई पेज नावाच्या एका सोळा वर्षांच्या मुलीला तात्पुरतं वर चढवत होत्या. पेज वर जाताना डोळे मिटायची आणि खाली येताना आजीला हाक मारायची.

"मिस्टर ग्रीव्हर, कुठवर आलंय?" रोशेलबाई दर वेळी विचारायच्या.

"अंतिम टप्प्यात," मी दर वेळी सांगायचो. आणि मला तसं खरोखरच वाटत होतं.

नोव्हेंबरात सरकारी कचेरीचं पत्र आलं. तीन पानी. त्यांना आणखी पुरावे हवे होते. हा खेळ नेमका काय आहे? संघाची कीर्ती कशावरून? कामगार संघटनेचं मत कुठे आहे? इथवर ठीक होतं. चौथा मुद्दा असा: 'अर्जदार संघ लिमा इथला आहे आणि खेळाडूही लिमा इथलीच आहे. तरी तिला व्हिसाची गरज का भासते याचा खुलासा करावा.' मी माझी प्रत काढून पाहिली. देशाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'वर पाहा'. वर 'लिमा' होतं. पाचवा मुद्दा: 'परिच्छेद सहामध्ये आपण लिहिता की चार जण या व्यक्तीला वीस फूट उंच फेकतात व बहुधा झेलतात. यातील "बहुधा" या शब्दाचा खुलासा करावा.'

"तू 'बहुधा' लिहिलंस?" केंड्रा किंचाळली.

"खोटं कसं लिहू? मागच्या वर्षी डेटनला तुमची ती मुलगी पडली होती की!"

"डॅड, ती चेष्टेत उडी मारत होती! पार्किंगमध्ये!"

"मापात सवलत देत नसतो मी," मी म्हणालो. पण आवाज थोडा बारीक झाला होता, हे मान्य करतो.

सगळ्यात मोठी अडचण कामगार संघटनेची. उडणाऱ्या मुलींची संघटना आहे कुठे? मी गायकांच्या संघटनेला लिहिलं, सर्कशीतल्या कलाकारांना लिहिलं, एकदा तर वैमानिकांना लिहिलं. वैमानिकांनी फार सभ्य उत्तर दिलं, पण ते 'नाही'च होतं. तेवढ्यात डुएन कुंपणावरून डोकावला. तो तीस वर्षं कारखान्यात वेल्डर होता आणि अजून निवृत्तांच्या शाखेचा चिटणीस आहे.

"आपली संघटना आहे की!" तो म्हणाला. "शिक्का माझ्याच कपाटात आहे."

"डुएन, तुम्ही सगळे वेल्डर आहात."

"त्यांना मत हवंय ना? मत आहे आमच्याकडे."

त्याने ते पत्र खरोखरच लिहून आणलं. मी अजून जपून ठेवलंय. 'आमच्या सभासदांची सभा होऊन असे ठरले की, आमच्यापैकी कोणाचीही स्वतःला हवेत फेकून घेण्याची इच्छा नाही. सबब सदर मुलीच्या येण्याने आमच्या कोणाचाही रोजगार जात नाही. तिला आमच्या शुभेच्छा.' खाली शिक्का आणि चौदा सह्या. इतकं निःसंदिग्ध मत मी सरकारी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. पण ते जोडायचं की नाही हे विचारायला जानेवारीत मी पुन्हा वाचनालयात गेलो, तेव्हा अडेअरबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"मिस्टर ग्रीव्हर," मग त्या म्हणाल्या, "स्पर्धा एप्रिलमध्ये आहे. हा अर्ज सोडून द्या. एक साधं पत्र लिहा. खेळ काय, स्पर्धा कोणती, पगार नाही, ती परत कधी जाणार. दोन पानं. ते घेऊन तिला तिकडच्या आपल्या वकिलातीत मुलाखतीला जाऊ द्या. पाहुण्यांच्या व्हिसासाठी."

मी घरी येताना गाडीत रेडिओ लावला नाही. सहा महिने, चार रंगांच्या पट्ट्या, आणि शेवटी नायगारावाल्यांच्या रांगेत! ग्लेनाने गरम सूपचा वाडगा पुढे ठेवला. ती मला ओळखते. सूप संपल्यावर मी कागद ओढला आणि ते पत्र लिहिलं.

आणि सांगतो, ते पत्र म्हणजे माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं. एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. जो माणूस आयुष्यात गादीवर कोलांटउडीही मारू शकणार नाही, त्यालाही वाचून कळावं की ही मुलं अडीच मिनिटांसाठी वर्षभर का घाम गाळतात. देशाचं नाव पाच वेळा होतं. 'बहुधा' नव्हतं.

फेब्रुवारीत यादिराचा फोन आला. तिच्या मागे झेरॉक्स मशीनची घरघर ऐकू येत होती; मावशीचं दुकान झेरॉक्सचंच होतं.

"सेन्योर नॉर्मन, तुमचं पत्र मावशीने वाचलं आणि रडली. मग आमच्या कोच मारित्साबाईंनी वाचलं. त्या विचारतायत, हेच पत्र आमच्या संघासाठी वापरलं तर चालेल का? मागच्या वर्षी बावीसपैकी नऊ जणांनाच व्हिसा मिळाला. मुलाखतीत काय सांगायचं तेच कुणाला कळलं नाही. आणि नऊ जणांत पिरॅमिड होत नाही."

इतक्या महिन्यांत माझ्या लिखाणाला कुणी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं. शिवाय यादिरा आमच्याकडे येणार, मग तिच्या सवंगड्यांचंही भलं झालं तर बिघडलं कुठे? "वापरायचं कशाला?" मी म्हणालो. "प्रत्येकासाठी वेगळं लिहितो!"

तीन आठवडे मी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून व्हिडिओ कॉलवर पेरूशी बोलत होतो. केंड्रा सरावाला गेलेली असायची आणि ग्लेना दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून उशिरा यायची, त्यामुळे मला निवांतपणा होता. यादिरासकट बावीस मुलामुलींशी मी स्वतः बोललो, मध्ये तीच भाषांतर करायची. कोण बेकरीत काम करतं, कोण पशुवैद्य होणार, कुणाला आईच्या औषधांसाठी महिन्याच्या आत परत जायचंय. बावीस पत्रं लिहिली, प्रत्येक वेगळं. मारित्साबाई कॅमेऱ्यासमोर येऊन छातीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक बोलल्या. यादिराने भाषांतर केलं, "त्या म्हणतायत, तुम्ही फार मोठे आहात." मूळ वाक्य बरंच लांब होतं, पण मी खोलात गेलो नाही.

हे सगळं मी घरात गुप्त ठेवलं होतं. केंड्राला एकदम आनंदाचा धक्का द्यायचा होता. तो संघ ऑरलँडोत कोणत्या गटात उतरतो, हे विचारायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्चच्या मध्यावर यादिराचा पुन्हा फोन. ती हसत होती आणि रडतही होती.

"मिळाला! सगळ्यांना मिळाला! बावीसच्या बावीस!"

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, तरी मी फ्रिजशी हात मिळवण्याच्या बेतात होतो.

"सेन्योर नॉर्मन," ती मग हळू आवाजात म्हणाली, "पण मी आता कॉमेट्सकडून कशी खेळू? इथे सगळे जण पहिल्यांदा एकत्र जातायत. मी नसले तर वर कोण चढणार? मी केंड्राला सांगते. का तुम्ही सांगाल?"

बावीस पत्रांत मीच लिहिलं होतं की हा खेळ म्हणजे एकमेकांना न सोडणं.

"मी सांगतो, बाळा," मी म्हणालो. "तू सराव कर."

केंड्रा संध्याकाळी आली. गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधून सोफ्यावर बसली. मी सगळं सांगितलं.

"बावीस पत्रं?" तिने विचारलं.

"बावीस."

"डॅड, ते आमच्याच गटात आहेत."

"हो का?" मी म्हणालो. दुसरं काय म्हणायचं असतं अशा वेळी, मला अजून सुचलेलं नाही.

ती उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवस ती माझ्याशी 'मीठ दे' आणि 'गाडी हलव' एवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने सरावानंतर पेजला जास्तीचे दोन तास थांबवून घेतलं. पुढे रोजच थांबवू लागली. मी बाहेर गाडीत बसून काचेतून बघायचो. पेज वर जायची, केंड्रा खालून ओरडायची, "डोळे उघड! मी आहे!" एप्रिल उजाडेपर्यंत पेज डोळे उघडे ठेवून वर जाऊ लागली होती आणि आजीचं नावही काढत नव्हती.

ऑरलँडोला आम्ही तिघं गेलो, आणि डुएनही आला, कारण आपण या प्रकरणात सुरुवातीपासून आहोत असं त्याचं म्हणणं होतं. कॉमेट्स आधी उतरले. मी त्यांना असं खेळताना कधी पाहिलं नव्हतं. पेज दोनदा वर गेली आणि दोन्ही वेळा केंड्राच्या हातांत अलगद आली. ग्लेनाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की चार बोटांचे वळ उमटले. मग पेरूचा संघ आला. लाल-पांढरे कपडे, बावीस जण. बेकरीवाला, पशुवैद्य होणारी, आईची औषधं आणणारा, मी सगळ्यांना नावांनी ओळखत होतो. यादिरा हवेत गेली, दोन गिरक्या घेतल्या, आणि मी उठून ओरडलो. ओरडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या अंगात कॉमेट्सचा शर्ट आहे आणि आमच्या रांगेतले सगळे पालक माझ्याकडे बघतायत.

"ओळखीचे आहेत त्याच्या," डुएनने त्यांना समजावलं.

निकाल लागला. दहावा क्रमांक, म्हणजे अंतिम फेरीतली शेवटची जागा: पेरू. अकरावा: लायमा कॉमेट्स. फरक शून्य पूर्णांक दोन दशांश. वजनमापे खात्यातल्या माणसाला शून्य पूर्णांक दोन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एवढ्या फरकाला मी पंप बंद करत नाही. लेबल लावून पुढे जातो.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी खाली गेलो, पण केंड्रापासून दहा पावलांवर थांबलो. एवढ्यात पलीकडून लाल-पांढरा घोळका धावत आला. पुढे यादिरा, मागे मारित्साबाई. यादिरा आधी केंड्राच्या गळ्यात पडली. मग मारित्साबाईंनी मला पाहिलं आणि माझे दोन्ही हात धरून फोटोसाठी ओढायला लागल्या. बावीस जण माझं नाव घेऊन ओरडत होते, तेही चुकीच्या उच्चारात.

मी केंड्राकडे पाहिलं. म्हटलं, नको, आता नको. माझी मुलगी हरलीय आणि मी जिंकणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून दात काढू?

केंड्राने मनगटाने नाक पुसलं. चेहऱ्यावरचा निळा रंग सगळा गालभर पसरला होता.

"जा ना, डॅड," ती म्हणाली. "चार वर्षं म्हणत होतास, एक संघ फायनलला नेतो म्हणून. नेलास की."

आणि तिने मला पाठीत असा धक्का दिला की मी थेट घोळक्याच्या मध्यभागी जाऊन पडलो. बेकरीवाल्याने झेललं.